आजचे चिंतन : तुझं गोत्र काय?



काल रैक्वाची गोष्ट संपली. गाडीखाली बसून अंग खाजवत राजाला सुनावणारा तो रैक्व मला अजून डोक्यातून जात नाहीये. पण पुढे जायला हवं. आजचं वाचन छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातलं, खंड ४ ते ९. रोज एक खंड हा आपला नेम, आज एकदम सहा घेते. ही गोष्ट मध्येच तोडली तर अर्धीच कळते. शिवाय काल रात्री एक फोन आला, त्यामुळे ती मला आजच लिहायची आहे.

फोन माझ्या मामेबहिणीचा. ती या महिन्यात गोंदियाला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला लागली. त्यांच्या घरातली कॉलेजात जाणारी ती पहिलीच. सालेकसा तालुक्यातल्या गावातून सकाळी सायकलने स्टेशन, तिथून धानोली, आमगाव, गुदमा करत गोंदिया, आणि संध्याकाळी तेच उलटं. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात. अर्ध्या जिल्ह्याचं शिक्षण या एका शब्दात मावतं.

"कसं चाललंय?" विचारलं तर आधी "छान" म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ताई, सगळ्या हिंदीत बोलतात. मी गप्पच बसते." मग आणखी थोड्या वेळाने, "आज ओळख करून द्यायची होती. आईवडील काय करतात ते पण सांगायचं होतं."

"मग काय सांगितलंस?"

"शेती."

"बरोबर आहे की."

"आपली कुठे आहे शेती, ताई? आई रोवणीला जाते ती दुसऱ्याच्या बांधीत."

यावर मला लगेच काही बोलता आलं नाही. "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला, आणि रात्री हे खंड पुन्हा वाचले.

गोष्ट अशी आहे. सत्यकाम नावाचा एक मुलगा. त्याला गुरूकडे शिकायला जायचं आहे. जाण्याआधी तो आईला विचारतो, की आपलं गोत्र कोणतं? तिचं नाव जबाला. ती सांगते, की मला माहीत नाही रे बाळा. तरुणपणी मी खूप घरी राबले, सेवा करत फिरले, त्या काळात तू मला झालास. तू कुठल्या गोत्राचा, मी सांगू शकत नाही. माझं नाव जबाला, तुझं नाव सत्यकाम. तेव्हा तू आपलं सत्यकाम जाबाल असं सांग.

मुलगा जातो हारिद्रुमत गौतम या ऋषीकडे. म्हणतो, मला शिकायचं आहे. गौतम पहिलाच प्रश्न विचारतात : तुझं गोत्र काय?

हा प्रश्नच मला खटकतो, हे आधी सांगून टाकते. शिकायला आलेल्या मुलाला पहिला प्रश्न हा का? पण विचारला गेला आहे, आणि उपनिषदाने तो लपवलेला नाही. आज त्याची जागा फॉर्ममधल्या रकान्यांनी घेतली आहे. वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, प्रवर्ग, मूळ गाव. आणि जे फॉर्मवर नसतं ते पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये विचारलं जातं. कुठली? मीडियम कोणतं? पप्पा काय करतात? पुण्यात आलेल्यांना "म्हणजे नागपूरच्या पुढे का?" हेही विचारतात. गोंदिया नकाशात दाखवताना मी किती वेळा हवेत बोट फिरवलंय याची गणती नाही.

सत्यकाम काय करतो? आईने जे सांगितलं ते जसंच्या तसं सांगतो. राबण्याचं, फिरण्याचं, माहीत नसण्याचं. त्यातलं काहीही गाळत नाही. गौतम म्हणतात, की असं बोलणं ब्राह्मणाशिवाय कुणाला जमणार नाही. जा, समिधा घेऊन ये, मी तुझं उपनयन करतो, कारण तू सत्यापासून ढळला नाहीस. या वाक्याचे अर्थ लावत लोक शतकानुशतकं बसले आहेत. काहींना त्यात जन्माची खूण दिसते, मला मात्र उलटं दिसतं : मुलाने गोत्र सांगितलंच नाही, त्याने खरं सांगितलं, आणि त्या खऱ्यावर त्याची जागा ठरली. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात जबालेची बाजू सांभाळून घेतली आहे. नवऱ्याच्या घरी आल्यागेल्याच्या सेवेत ती इतकी गुंतली होती की गोत्र विचारायचं राहून गेलं, असा काहीसा अर्थ ते लावतात. आचार्यांपुढे मी कोण, पण मला वाटतं जबालेला या सांभाळण्याची गरज नव्हती. तिने स्वतःच स्वतःला सांभाळलं नाही. मुलासमोर सरळ उभी राहिली.

आता माझं सांगते. हे मी इथे कधी लिहिलेलं नाही.

मी २०१८ मध्ये गोंदियातल्या एका कॉलेजात गेले. त्याच गाडीने, त्याच अप-डाऊनने. माझे बाबा राईस मिलमध्ये हमाल होते, आई घरी बिड्या वळायची. गोंदिया म्हणजे भाताचा मुलूख, राईस मिल म्हटलं की सगळ्यांना कळतं. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या एकीने विचारलं, "तुम्हारे पापा क्या करते हैं?" मी म्हटलं, "राईस मिल में हैं." ती म्हणाली, "अच्छा, मिल है तुम्हारी?"

मी नाही म्हटलं नाही.

बस्स, एवढंच. मी खोटं बोललेच नाही, असं मी पुढे सहा महिने स्वतःला सांगत होते. ते "नाही" म्हणायला अर्धा सेकंद लागला असता. पण तो अर्धा सेकंद निघून गेला की परत येत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणावं तर काल का नाही म्हटलं, हा प्रश्न येतो. तिसऱ्या दिवशी तर विषयच निघत नाही. मग त्या एका न बोललेल्या शब्दाभोवती सगळं बांधत जावं लागतं. मी डबा एकटी खायला लागले, कारण मिलवाल्याच्या मुलीच्या डब्यात रोज लाखोरीची भाजी कशी? हिंदी नीट येत नाही म्हणून वर्गात गप्प, आणि घरचं काही निघू नये म्हणून गाडीतही गप्प. वर्गात शंका आली तरी विचारायची नाही, कारण उभं राहिलं की सगळे बघतात.

सगळ्यात मोठी किंमत दुसरीकडेच मोजावी लागली. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा तर तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायचा, ऑनलाइन भरायचं, आणि त्याची प्रत कॉलेजच्या खिडकीवर द्यायची. त्या खिडकीपाशी वर्गातल्या मुली रांगेत. मी तीन वेळा त्या रांगेपर्यंत गेले आणि परत आले. मुदत गेली. आईला सांगितलं की या वर्षी आपल्याला बसत नाही. तिने काही विचारलं नाही. फीच्या दुसऱ्या हप्त्यासाठी दोन बकऱ्या विकल्या.

मग आली माघ पौर्णिमा. आमच्या तालुक्यात कचारगडला गोंडी समाजाची मोठी यात्रा भरते, महाराष्ट्रातून, मध्य प्रदेश-छत्तीसगडमधून, तेलंगणातून लोक येतात. डोंगरात ती प्रचंड मोठी गुहा आहे, पारी कुपार लिंगोची आठवण तिथे जागती आहे. वर्गातली एक गोंड मैत्रीण म्हणाली, या वर्षी सगळ्यांनी आमच्याबरोबर चला, जाताना हिच्या घरी चहा घेऊ, गाव वाटेवरच आहे. माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, आई खूप आजारी आहे, मी येत नाही, तुम्हीही येऊ नका.

त्या चौघी आल्या. आजारी माणसाला भेटायला आल्या. बिस्किटांचे पुडे आणि चार संत्री घेऊन.

आई अंगणात बसली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि जर्दा, बोटं नेहमीच्या वेगाने चाललेली. चांगली ठणठणीत. एकीने विचारलं, "आंटी, अब कैसी तबीयत है?" आईने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. आणि म्हणाली, "आता बरं वाटते मले. ताप उतरला. बसा ना पोरीहो."

थोड्या वेळाने दुसरीने सहज विचारलं, की मिल कुठे आहे तुमची, इथे जवळच का? आईचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "मिल दूर आहे बाई."

मैत्रिणी चहा पिऊन गेल्या. मी आत जाऊन बसले होते. संध्याकाळपर्यंत आई काही बोलली नाही. दिवा लावताना तिने एवढंच म्हटलं, "आधी सांगून ठेवाचं ना बाई. मी सूप आत ठेवलं असतं."

ती रागावली असती तर मला सोसलं असतं.

पुढे दुसऱ्या वर्षी जबालेची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला आधी दिसलं ते हे. जबालेने मुलाला स्वतःचं खरं आयुष्य दिलं, की हे घेऊन जा, हेच सांग. आणि माझी आई माझ्यासाठी स्वतःला आत ठेवायला तयार झाली होती. तिच्या अंगात सत्य कमी होतं असं नाही. तिच्याकडून ते मी काढून घेतलं होतं. सत्यकामाचं कौतुक करताना आपण हे विसरतो, की त्याने आईची लाज बाळगली असती तर जबालेची ती ओळ उपनिषदात आलीच नसती. त्याने ती गुरूपुढे उच्चारली म्हणून ती आज तीन हजार मैलांवरच्या विद्यापीठांतही वाचली जाते.

सोमवारी गाडीत मी सांगितलं. काही मोठं घडलं नाही. आमगाव येईपर्यंत मी जुळवाजुळव करत होते, गुदम्याला गाडी उगाच थांबली तेव्हा बोलून टाकलं. गोंड मैत्रीण म्हणाली, "मालूम था रे. आईच्या बोटांवरून कळते." तिच्या आजीने जन्मभर बिड्या वळल्या होत्या. जिने मिलचा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता ती काही बोलली नाही, आणि नंतर माझ्या शेजारी बसेनाशी झाली. असंही होतं. खरं बोललं की सगळे गळ्यात पडतात, असं उपनिषदात कुठे लिहिलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी डबा सगळ्यांत बसून खाल्ला, आणि पुढच्या वर्षी खिडकीवर फॉर्म दिला. खिडकीतल्या बाबूंनी मान वरही न करता वडिलांचा व्यवसाय विचारला. मी "हमाल" म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा नंबर पुकारला. ज्या शब्दाला मी वर्षभर घाबरले होते तो एवढाच होता.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते. आमच्या जिल्ह्यातली कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते नागपूर विद्यापीठ १९२३ साली सुरू झालं आणि २००५ पासून त्याचं नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे. आता बघा, महाराज १९०९ साली यावलीला जन्मले, गरिबीत वाढले, शाळा फार लहानपणी सुटली. खंजिरी हातात घेऊन गावोगाव फिरले, ग्रामगीता लिहिली. विज्ञानाची असो, वाणिज्याची असो, नाहीतर कायद्याची, पदवीच्या प्रत्येक कागदावर वर जे नाव छापलेलं असतं ते पदवी नसलेल्या माणसाचं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे कुणी सांगत नाही. कॉलेजच्या फाटकातून आत जाताना ज्यांना वाटतं की आपण इथले नाही, त्यांनी आपल्या ओळखपत्रावरचं विद्यापीठाचं नाव एकदा सावकाश वाचावं. आणि गोंदियातल्या मुलींनी हेही ध्यानात घ्यावं, की १९५८ मध्ये मनोहरभाई पटेलांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली म्हणून आज घरून डबा घेऊन कॉलेजात जाता येतं. नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे. तेवढं अंतर रोज अप-डाऊन झालं नसतं, म्हणजे आमच्यातल्या निम्म्या शिकल्याच नसत्या.

पुन्हा सत्यकामाकडे. प्रवेश मिळाला. आता वर्ग सुरू होणार, वेद शिकवणार, असं आपल्याला वाटतं. गौतम काय करतात? गोठ्यातल्या चारशे हडकुळ्या, अशक्त गाई निवडून बाजूला काढतात आणि म्हणतात, यांच्या मागे जा.

मला इथे दरवेळी हसू येतं. पहिल्या वर्षाचं याहून खरं वर्णन कुठे वाचलेलं नाही. तुम्ही डोळ्यांत केवढं काय घेऊन येता, आणि हातात काय पडतं? प्रॅक्टिकलची वही, लायब्ररीचं कार्ड, मेजर-मायनरचे पर्याय, क्रेडिटचा हिशोब, बंद पडलेलं संकेतस्थळ, पंच्याहत्तर टक्के हजेरी. हडकुळ्या गाई. कुणालाही वाटेल की हे काही शिक्षण नाही, खरं शिक्षण नंतर सुरू होईल, तोवर हे कसंतरी ढकलू. माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनीही पहिलं वर्ष असंच ढकललं. दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे गाई होत्या त्याच होत्या, जरा जास्तच वाळलेल्या.

सत्यकाम निघताना शब्द देतो, की हजार झाल्याशिवाय परत येणार नाही. चारशेच्या हजार. आणि तेही अशक्त जनावरांच्या. आमच्याकडे गाई राखणाऱ्यांना विचारा याला किती वर्षं लागतील. उपनिषद एका ओळीत सांगून मोकळं होतं, की तो बरीच वर्षं बाहेर राहिला. त्या वर्षांबद्दल काहीच लिहिलेलं नाही. रोज चारा, पाणी, आजारी गाय, रानातलं जनावर, पाऊस. लिहिण्यासारखं काही नसतंच त्यात. पण गाई हजार झाल्या.

आणि मग बैल बोलतो. कळपातलाच बैल. म्हणतो, आम्ही हजार झालो, आता आम्हाला गुरूकडे ने. आणि तुला ब्रह्माचा एक पाद सांगतो. चार दिशा, तो प्रकाशवान. पुढे अग्नी सांगतो दुसरा पाद : पृथ्वी, अंतरिक्ष, स्वर्ग, समुद्र, तो अनंतवान. हंस येऊन तिसरा सांगतो : अग्नी, सूर्य, चंद्र, वीज, तो ज्योतिष्मान. आणि चौथा सांगतो मद्गू : प्राण, डोळे, कान, मन, तो आयतनवान. मद्गू म्हणजे पाण्यात बुडी मारणारा पक्षी. आमच्या मामा तलावांवर पाणकावळे बसलेले असतात ना, पंख पसरून वाळवत, मला तेच दिसतात. हंसापाठोपाठ पाणकावळा! उपनिषदाने दोघांना एकच आसन दिलं आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं?

पण मला तुम्हाला वेगळंच काही दाखवायचं आहे. हे सगळे कधी बोलतात? अग्नी, हंस, मद्गू, तिघांच्या आधी उपनिषद तेच तेच पुन्हा सांगतं. संध्याकाळ झाली, त्याने गाई एके ठिकाणी आणून बांधल्या, अग्नी पेटवला, समिधा घातली, अग्नीच्या मागे पूर्वेकडे तोंड करून बसला. आणि मग आवाज आला. दरवेळी हाच क्रम. वाचताना आपण ती ओळ ओलांडून जातो, कारण ती पुन्हा आली आहे. मला वाटतं ती पुन्हा येते यातच सगळं आहे. दिवसभर चालून दमलेला माणूस रोज संध्याकाळी आपलं सगळं एके ठिकाणी आणतो, विस्तव पेटवतो आणि बसतो. बोलणारा रोज येत नाही. पण येतो तेव्हा हा बसलेला असतो.

तुम्ही संध्याकाळी कुठे बसता? हा प्रश्न मी पुण्यात खोली घेऊन राहिलेल्यांना विचारतेय. गावाकडे सामुदायिक प्रार्थनेची वेळ तरी होती, गुरुदेव सेवा मंडळाची. इथे खोलीवर आलं की पाठ टेकते आणि मोबाईल वर येतो, आणि डोळे उघडतात तेव्हा साडेबारा. मी याला अपवाद नव्हते, नाही. माझी "संध्याकाळ" गोंदियाच्या लायब्ररीत होती, परतीच्या गाडीआधीचा दीड तास. सुरुवातीला वेळ काढायला जायचे. रोज त्याच खुर्चीत. तिथल्या पुस्तकं देणाऱ्या काकांनी महिनाभर पाहिलं आणि एक दिवस म्हणाले, "रोज पेपरच वाचतेस, आत कपाटं पण आहेत." त्यांनीच कुलूप काढून दिलेल्या कपाटात उपनिषदांच्या मराठी भाषांतराचे खंड होते. धूळ इतकी, की नाव वाचायला पदर फिरवावा लागला. हे माझे बैलोबा म्हणा. त्यांना कुणी कधी सर म्हटलं नाही. शिष्यवृत्तीची मुदत कधी सुरू होते, जुन्या प्रश्नपत्रिका कुठे ठेवतात, कोणत्या मॅडम शंका विचारली तर खूश होतात, हे सगळं मला त्यांच्याकडून कळलं.

आणि तरी. इथे ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. सत्यकाम गाई घेऊन परत येतो. गौतम त्याचा चेहरा पाहून म्हणतात, की तू ब्रह्म जाणणाऱ्यासारखा दिसतोयस, कुणी शिकवलं तुला? तो सांगतो, माणसांनी नाही. पण तुम्ही मला सांगावं अशी माझी इच्छा आहे. आपल्यासारख्यांकडून मी ऐकलंय, की गुरूकडून मिळालेली विद्याच नीट ठिकाणी पोहोचते.

म्हणजे चारही पाद कळलेले आहेत. तरी तो म्हणत नाही की आता तुमची काय गरज. आणि गौतम त्याला तेच पुन्हा शिकवतात, त्यातलं काहीही सुटत नाही. आपल्या पिढीला हे जड जातं. व्हिडिओ आहेत, नोट्स आहेत, सगळं मोबाईलवर विचारता येतं, मग त्या सरांच्या खोलीच्या दारात कशाला उभं राहायचं? मी तीन वर्षांत जेमतेम चार वेळा उभी राहिले. चारही वेळा घाम फुटला होता. त्यातल्या एका वेळी मॅडमनी माझा प्रश्न ऐकून फळ्यावर उत्तर लिहिलं नाही, "हे मलाही नीट सांगता येत नाही, बस, बघू दोघी" म्हणाल्या. त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते विषयाबद्दलचं नव्हतं. शिकलेलं माणूस न कळण्यापाशी कसं बसतं, ते मी पाहिलं. ते व्हिडिओत दिसत नाही, कारण तिथे न कळण्याचा भाग कापून टाकलेला असतो.

चार वेळाच गेले, याचं आजही वाईट वाटतं. जाता आलं असतं. दार उघडंच असायचं.

आज सकाळी गाडीच्या वेळेला मामेबहिणीला फोन लावला. मागे गाडीचा आवाज, कुणीतरी जांभळं विकत होतं. ती म्हणाली, "मग आता काय सांगू ताई वर्गात? शेती म्हणून तर झालं सांगून."

मी म्हटलं, "आज एकीला तरी सांग, की शेती आमची नाही, आई रोवणीला जाते. आज सांगितलंस तर एका वाक्यात होईल. मला सहा महिने लागले."

"हसल्या तर?"

"एखादी हसेल. बाकीच्यांपैकी कुणाची तरी आई जात असेलच." मग मला एकदम सुचलं, "तुम्हाला वनस्पतिशास्त्र आहे ना? पऱ्हे किती दिवसांचे झाले की उपटायचे, एका जागी किती लावायचे, उशीर झाला की फुटवे का कमी येतात, हे मामीला माहीत आहे. तुझ्या पुस्तकात ते लिहिलेलं असेल तेव्हा मामीला वाचून दाखव, आणि चुकलं असेल तर मॅडमना जाऊन विचार."

ती हसली. मग म्हणाली, "आई काल सांगत होती, पलीकडच्या बांधीतला रोवणा झाला पण धान अजून पिवळाच आहे. मी विचारलं मेला का? तर म्हणाली, नाही, मुळं धरतोय, आठ दिवस हात नको लावू."

तेवढ्यात गुदमा आलं असावं, आवाज तुटला.

उद्या खंड १० पासून उपकोसलाची गोष्ट. हाच सत्यकाम आता स्वतः गुरू झाला आहे, आणि एका विद्यार्थ्याला बारा वर्षं काहीच न शिकवता नुसता अग्नी सांभाळायला लावतो. त्याच्या बायकोलाही ते पाहवत नाही. माझं आणि सत्यकामाचं उद्या थोडं भांडण आहे.

जय गुरुदेव.